नाकामागच्या खोल्यांची दारे

गेल्या हिवाळ्यात विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही कड्याला गेलो होतो. कडा हे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले, नगर-बीड रस्त्यावरचे बाजाराचे गाव. थंडीचे दिवस, कोरडी हवा आणि रस्त्याची धूळ. शिबिरातले निम्मे लोक नाक ओढत होते. दुपारच्या चहाला एक गुरुजी जवळ येऊन बसले.

"सर, मला चार वर्षांपासून सायनस आहे. नगरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन सांगितलंय. मेहुणे म्हणतात, पुण्यात फुगा घालून करतात, चिरफाड नको. आई म्हणते, काही करू नको, नाकातून मिठाचं पाणी घे. तुम्ही शास्त्रज्ञ माणसं, तुम्हीच सांगा."

आम्ही डॉक्टर नाही. कोणता उपाय करावा हे सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. पण दुर्बीण, फुगा आणि पाण्याचा लोटा ही तीन साधने नेमके काय करतात, हे सांगता येण्यासारखे होते. त्या दुपारी फळ्यावर जे काढले तेच इथे थोडे नीट मांडत आहोत.

सायनस सर्वांनाच असतात

"मला सायनस आहे" हे वाक्य आपण रोज ऐकतो. खरे तर ते "मला फुफ्फुस आहे" असे म्हणण्यासारखे आहे. सायनस हा आजार नव्हे, अवयव आहे. मराठीत त्याला नासाकोटर म्हणतात. कोटर म्हणजे झाडाची ढोली. चेहऱ्याच्या हाडांमध्ये अशा हवेने भरलेल्या ढोल्यांचे चार जोड असतात. गालांच्या हाडांत दोन मोठ्या, कपाळात दोन, दोन डोळ्यांच्या मधल्या भागात मधाच्या पोळ्यासारख्या अनेक लहान आणि कवटीच्या पार मध्यभागी, नाकाच्या मागे, दोन. या पोकळ्यांना सूज आली की जो आजार होतो त्याचे नाव सायनसायटिस.

या सर्व पोकळ्या जन्मापासून तयार नसतात. गालातल्या आणि डोळ्यांमधल्या पोकळ्या जन्मतः लहान स्वरूपात असतात. कपाळातल्या पोकळ्या पाच-सात वर्षांच्या वयापासून आकार घेऊ लागतात आणि त्यांची वाढ विशीच्या आसपास पुरी होते. त्यामुळे पहिलीतल्या मुलाचे कपाळ दुखले तर ते 'सायनस'मुळे असण्याची शक्यता फारच थोडी.

प्रत्येक पोकळीला नाकात उघडणारे एक छोटे दार असते. मोठ्या माणसाच्या गालातल्या पोकळीत साधारण १५ मिलिलिटर, म्हणजे तीन चमचे पाणी मावेल. पण तिचे दार जेमतेम २ ते ४ मिलिमीटरचे. आपली सगळी गोष्ट या दाराभोवतीच फिरणार आहे.

टाकीची तोटी वरच्या अंगाला

पाण्याच्या टाकीला तोटी कुठे बसवतात? तळाशी. गालातल्या पोकळीचे दार मात्र तळाशी नसून छताजवळ आहे. आपण उभे असताना किंवा बसलेले असताना गुरुत्वाकर्षणाने ही टाकी रिकामी होणे शक्यच नाही. मग निरोगी माणसात ती भरून का जात नाही?

याचे उत्तर आतल्या अस्तरात आहे. या अस्तराच्या पेशींवर सिलिया नावाचे अतिसूक्ष्म रोम असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने फटके मारतात. अस्तरावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो. धूळ, परागकण, जंतू त्याला चिकटतात आणि रोमांच्या हालचालीने हा थर सरकत्या पट्ट्यासारखा पुढे जातो, मिनिटाला साधारण पाच-सहा मिलिमीटर या वेगाने. पोकळीच्या तळापासून भिंतीवरून वर चढून तो थेट दाराशी येतो, नाकात उतरतो, घशात जातो आणि आपण तो नकळत गिळतो.

ऑस्ट्रियातील ग्राझ येथील डॉ. वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या हालचालीचा बारकाईने अभ्यास केला. मृत्यूनंतरही काही तास हे रोम हलत राहतात. नुकत्याच मरण पावलेल्या व्यक्तींच्या नासाकोटरात खुणेचे थेंब टाकून ते कोणत्या वाटेने जातात हे त्यांनी पाहिले. वाटा ठरलेल्या निघाल्या. द्रव नेहमी नैसर्गिक दाराकडेच जातो. पोकळीला दुसरीकडे मोठे भोक पाडले तरी द्रव त्या भोकाच्या कडेने वळसा घालून मूळ दाराकडेच निघतो!

दार बंद होते कसे?

कपाळाच्या, गालाच्या आणि डोळ्यांमधल्या पुढच्या पोकळ्यांचे मार्ग नाकाच्या बाजूच्या भिंतीवरील एका अरुंद बोळात एकत्र येतात. तीन गावांचे रस्ते एकाच नाक्यावर मिळावेत तसे. नाक्यावर एक ट्रक आडवा झाला की तिन्ही रस्ते तुंबतात. सर्दी, ॲलर्जी, धूळ, धूर, नाकाचे वाकडे पडदे किंवा नाकात वाढलेले मऊ कोंब, म्हणजे पॉलिप, यांपैकी काहीही हा ट्रक होऊ शकते.

इथे थोडे गणित करू. दाराचा व्यास ३ मिलिमीटर धरा. सर्दीत चहूबाजूंनी अस्तर केवळ १ मिलिमीटर सुजले तर व्यास उरतो १ मिलिमीटर. व्यास एक तृतीयांश झाला, पण वाट मात्र एक नवमांशच उरली, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. आणखी थोडी सूज आली की दार पूर्ण बंद. आत कोंडलेल्या हवेतला ऑक्सिजन रक्तात शोषला जातो, आतला दाब कमी होतो, अस्तरातून पाणी झिरपते, रोमांची गती मंदावते आणि साचलेल्या द्रवात जंतू वाढू लागतात.

साध्या सर्दीतली ही सूज बहुधा विषाणूंमुळे असते आणि आठ-दहा दिवसांत आपोआप उतरते. तिला प्रतिजैविकांची गरज नसते. दहा दिवसांनंतरही त्रास तसाच राहिला, किंवा बरे वाटल्यावर पुन्हा ताप आणि वेदना उलटल्या, तर जिवाणूंचा विचार करतात. बारा आठवड्यांहून अधिक काळ टिकला तर तो जुनाट सायनसायटिस. साधनांचा प्रश्न येतो तो मुख्यतः या जुनाट रुग्णांसाठी.

भोक पाडण्याचे दिवस

जुन्या शल्यवैद्यांनी सरळ विचार केला. टाकी तुंबली आहे ना, मग तळाशी भोक पाडा. जाड पोकळ सुई नाकातून गालाच्या पोकळीत घुसवून ती पाण्याने धुऊन काढण्याची पद्धत अनेक दशके चालली. १८९३ साली न्यूयॉर्कचे जॉर्ज कॉल्डवेल आणि १८९७ साली पॅरिसचे हेन्री ल्युक यांनी वरच्या ओठाखालून, दातांच्या वरचे हाड फोडून पोकळीत शिरण्याची शस्त्रक्रिया मांडली. त्यात आतले अस्तर खरवडून काढत आणि नाकाच्या तळाजवळ नवी खिडकी ठेवत.

पू निघून जाई, रुग्णाला आराम पडे. पण अनेकांना त्रास पुन्हा होई. कारण मेसरक्लिंगर यांच्या निरीक्षणात आहे. नवी खिडकी उघडी असली तरी रोम द्रवाला नेणार जुन्या, बंद दाराकडेच. शिवाय अस्तर खरवडले म्हणजे रोमही गेले. झाडून काढणाराच उरला नाही तर खिडकी उघडी असून उपयोग काय?

तेव्हा नवा नियम ठरला: नवे भोक नको, जुने दार मोकळे करा आणि अस्तर जपा. दार मोकळे झाले की आतले आजारी अस्तर बहुधा हळूहळू स्वतःच सुधारते.

दुर्बीण: काचेत बसवलेली हवेची भिंगे

नियम ठरला, पण ते दार दिसणार कसे? नाकपुडीतून सरळ पाहिले तर ते एका कोपऱ्याआड दडलेले. यावर तोड काढली ती डॉक्टरांनी नव्हे, एका भौतिकशास्त्रज्ञाने. इंग्लंडच्या हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी.

पूर्वीच्या वैद्यकीय दुर्बिणीत लांब नळीत अंतराअंतरावर काचेची छोटी भिंगे असत आणि मधे हवा असे. प्रतिमा अंधूक दिसे. हॉपकिन्स यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ही रचना उलटी केली. नळीत काचेच्या लांब कांड्या बसवल्या आणि त्यांच्या मधे हवेच्या छोट्या फटी ठेवल्या. आता या फटीच भिंगांचे काम करू लागल्या. नळी तेवढीच बारीक ठेवूनही कितीतरी अधिक उजेड डोळ्यापर्यंत पोचू लागला. १९६० च्या दशकात कार्ल स्टॉर्झ या जर्मन उत्पादकाने अशा दुर्बिणी बाजारात आणल्या. आत उजेड नेण्याचे काम काचतंतूंचा जुडगा करतो. काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते हे हॉपकिन्स आणि त्यांचे पंजाबात जन्मलेले विद्यार्थी नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले होते.

नाकासाठीची दुर्बीण ४ मिलिमीटर जाडीची, मुलांसाठी त्याहून बारीक. काही दुर्बिणींचे टोक ३०, ४५ किंवा ७० अंशांत तिरके पाहते, म्हणून कोपऱ्याआडचेही दिसते. मेसरक्लिंगर, त्यांचे शिष्य हाइन्झ स्टामबर्गर आणि अमेरिकेतील डेव्हिड केनेडी यांनी या दुर्बिणीच्या साह्याने करायची शस्त्रक्रिया घडवली आणि १९८५ च्या सुमारास ती जगभर पसरू लागली. बाहेरून चीर नाही. बारीक चिमटे आणि फिरत्या पात्याची, आतले कापलेले तुकडे शोषून घेणारी नळी यांनी बोळातली अडगळ काढायची. मात्र हा परिसर नाजूक आहे. पोकळी आणि डोळा यांच्यामधल्या हाडाचे लॅटिन नावच 'कागदी पत्रा' अशा अर्थाचे आहे, आणि छताच्या वर मेंदू आहे. म्हणूनच आधी सी.टी. स्कॅन करून त्या रुग्णाचा नकाशा समोर ठेवावा लागतो.

फुगा: चौकट रुंद करणारे साधन

फुग्याची कल्पना हृदयाकडून आली. १९७७ साली झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाची अरुंद झालेली रोहिणी फुग्याने रुंद केली. तीच युक्ती नाकासाठी वापरून बनवलेल्या साधनाला अमेरिकेत २००५ साली परवानगी मिळाली.

डॉक्टर दुर्बिणीतून पाहत एक बारीक, लवचीक तार दारातून आत सारतात. तार योग्य पोकळीत पोचली हे कसे कळते? तारेच्या टोकाला दिवा असतो. तो गालात पोचला की गाल, कपाळात पोचला की कपाळ बाहेरून लालसर उजळते. मग तारेवरून मिटलेला फुगा दारात नेतात आणि स्क्रूच्या पंपाने त्यात पाणी भरतात. फुगून त्याचा व्यास ५ ते ७ मिलिमीटर होतो. दाब सुमारे दहा वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या चार-पाच पट. काही सेकंदांत दाराभोवतीचे पातळ हाड किंचित तडकून बाजूला सरकते, अस्तर जवळजवळ शाबूत राहते. मग फुगा मिटवून काढून घेतात. ३ मिलिमीटरचे दार ६ मिलिमीटरचे झाले तर वाट चौपट होते.

फुग्यात हवा न भरता पाणी का भरतात, हा प्रश्न नववी-दहावीच्या वर्गात जरूर विचारावा. हवा दाबली जाते, तिच्यात ऊर्जा साठते. फुगा फुटला तर ती झटक्याने पसरेल. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे फुटले तरी धक्का बसत नाही.

फुग्याची मर्यादाही इथेच दिसते. तो चौकट रुंद करतो, खोलीतली अडगळ काढत नाही. नाकात पॉलिप असतील, बुरशीचे गोळे असतील किंवा डोळ्यांमधल्या पोळ्यासारख्या पोकळ्यांत आजार असेल, तर त्याचा उपयोग नाही. शिवाय तो एकदा वापरून टाकून द्यायचा असल्याने महाग पडतो. 'फुगा नवा म्हणून चांगला' किंवा 'दुर्बीण मोठी म्हणून पक्की' ही दोन्ही विधाने अपुरी आहेत. अडथळा कशाचा आहे, यावर साधन ठरते.

लोटा: अंगण धुणारे साधन

आता आईचे मिठाचे पाणी. नाक साफ करण्याची नेती ही क्रिया पंधराव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या 'हठयोगप्रदीपिके'त आहे. तिथे मात्र ती पाण्याची नसून सुताची आहे, नाकातून घालून तोंडातून काढायची. योगक्रियांना प्रयोगशाळेत तपासण्याचा प्रयत्न स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून सुरू केला. आज जलनेतीसारखे क्षारजलाने नाक धुणे आधुनिक वैद्यकातही जुनाट सायनसायटिसच्या पहिल्या उपायांत धरले जाते.

पण ते काय करते हे नीट समजून घ्यावे. शस्त्रक्रिया न झालेल्या नाकात हे पाणी पोकळ्यांच्या आत फारसे जात नाही. ते दारापुढचे अंगण धुते. धूळ, चिकट द्रव आणि पापुद्रे वाहून जातात, रोमांना मोकळेपणी हलता येते आणि त्यानंतर मारलेला औषधाचा फवारा अस्तरापर्यंत पोचतो. शस्त्रक्रियेनंतर दारे रुंद झाली की हेच पाणी आतपर्यंत जाते, म्हणून ऑपरेशननंतरही लोटा सुटत नाही.

पाव लिटर पाण्याला अर्धा चमचा, सपाट भरलेले, बारीक मीठ पुरे; म्हणजे आपल्या रक्तद्रवाच्या जवळपास, सुमारे १ टक्का. साधे पाणी नाकात झोंबते ते परासरणामुळे. आणि पाणी खळखळ उकळून, झाकून, कोमट होऊ दिलेलेच हवे. हा सोवळेपणा नव्हे. २०११ साली अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती केलेल्या दोघांचा नेग्लेरिया नावाच्या अमिबामुळे मृत्यू झाला. हा अमिबा प्यायल्याने अपाय करत नाही, नाकाच्या छतातून मेंदूत शिरला तर बहुधा जीव घेतो. असे प्रसंग अत्यंत विरळ आहेत, पण २०२४ साली केरळातही या आजाराने मुले दगावली. उन्हाळ्यात टँकरचे किंवा बोअरचे पाणी वापरणाऱ्या आपल्या गावांत उकळण्याचा नियम मोडू नये.

जिथे ही साधने लागू नाहीत

शाळेत काम करणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. 'सायनसची डोकेदुखी' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या दुखण्यांपैकी पुष्कळ अर्धशिशीची असतात. नाक वाहत नाही, चोंदत नाही, फक्त डोके ठणकते आणि उजेड सहन होत नाही, तर दार उघडून काही मिळणार नाही.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर बहुधा आत खडू, शेंगदाणा, मणी असे काही अडकलेले असते. मूल नाकात घड्याळाची किंवा खेळण्यातली बटणासारखी बॅटरी घालून बसले असेल तर पाणी, थेंब काहीही न घालता ताबडतोब दवाखाना गाठावा. काही तासांत ती नाकाचा पडदा जाळते.

नाक मोकळे करणारे थेंब रक्तवाहिन्या आकुंचित करून सूज उतरवतात, पण सलग चार-पाच दिवसांहून अधिक घातले तर उलटी सूज येते आणि माणूस थेंबांचा बांधील होतो. स्टेरॉइडचे फवारे वेगळे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवडेच्या आठवडे घ्यावे लागतात, आणि त्यांचा गुण चार दिवसांत दिसत नाही.

आणि २०२१ चा उन्हाळा आपण विसरलेलो नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे, सर्वाधिक रुग्ण आढळलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडची मात्रा यांमुळे ही बुरशी नासाकोटरांतून डोळ्याकडे आणि मेंदूकडे सरकत होती. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी याच दुर्बिणींनी मृत भाग काढून अनेकांचे प्राण वाचवले. मधुमेही माणसाचा एका बाजूचा चेहरा सुजला, नाकातून काळे पापुद्रे आले, दोन-दोन दिसू लागले, तर लोटा आणि वाफ बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

वर्गात करून पाहा

१. अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर तळहात घट्ट धरा. हात लालच का दिसतो? फुग्याच्या तारेचा दिवा गालात कसा दिसत असेल?

२. बटाट्याच्या सारख्या चकत्या साध्या पाण्यात, १ टक्का मिठाच्या पाण्यात आणि दाट मिठाच्या पाण्यात तासभर ठेवा. कोणती चकती ताठ होते, कोणती मऊ पडते? नाकातल्या पेशींचे काय होत असेल?

३. ६, ३ आणि १ मिलिमीटर व्यासाची वर्तुळे आलेखाच्या कागदावर मोठ्या प्रमाणात काढून क्षेत्रफळे मोजा.

गुरुजींची फिल्म

एवढे बोलून झाल्यावर गुरुजींनी पिशवीतून सी.टी. स्कॅनची फिल्म काढली. आम्ही ती खिडकीच्या उजेडात धरली. हाड पांढरे, हवा काळी, भरलेली जागा करडी, एवढे तर कुणालाही ओळखता येते. डावा गाल काळा होता, उजवा करडा. गुरुजी स्वतःच म्हणाले, "एकीकडचाच बंद आहे की!"

एकाच गालाची पोकळी भरली असेल तर एक गोष्ट पाहावी लागते. तिच्या तळाला वरच्या दाढांची मुळे अगदी खेटून असतात. किडलेल्या दाढेतून पू वर चढला तर नाकातले दार कितीही रुंद करा, दाढेवर उपचार होईपर्यंत पू होतच राहतो. आम्ही विचारले, उजवीकडची दाढ कधी दुखली होती का? गुरुजी क्षणभर थांबले. दोन वर्षांपासून त्या बाजूने चावता येत नव्हते. पण नाकाच्या डॉक्टरांना दातांचे कशाला सांगायचे, म्हणून ते बोलले नव्हते.

आम्ही त्यांना तीन प्रश्न लिहून दिले. माझे कोणते दार बंद आहे आणि कशाने? औषधे आणि फवारा पुरेसे आठवडे घेऊन झाले का? या दाढेचा त्याच्याशी संबंध आहे का? उत्तरे डॉक्टरांनीच द्यायची होती. महिन्याभराने गुरुजींचा फोन आला. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकलून आधी दाताच्या डॉक्टरांकडे पाठवले होते. पुढचे स्कॅननंतर ठरणार होते.